मातीची साक्ष

पीक जोमाने वाढावे, म्हणून शेतकरी जमिनीला खत घालतो. परंतु कोणते खत किती घालावे, हे नुसत्या नजरेने कळत नाही. वरून सारखीच दिसणारी दोन शेते गुणांनी अगदी निराळी असू शकतात. म्हणून मातीची परीक्षा करावी लागते.

भारत सरकारने 19 फेब्रुवारी 2015 रोजी राजस्थानातील सूरतगड येथे मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब अशा 12 बाबी तपासून ही पत्रिका तयार होते.

पण छापलेला आकडा खरा असतोच, असे नाही. एक हेक्टर शेतातील मातीचा वरचा 15 सेंटिमीटरचा थर सुमारे 22 लाख किलो भरतो. एवढ्या मातीच्या वतीने प्रयोगशाळेत साक्ष देते, ती अवघी अर्धा किलो माती! साक्षीदारच चुकीचा निवडला, तर उत्तम यंत्रही खरे कसे सांगणार?

म्हणून नमुना जपून घ्यावा लागतो. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागी खड्डे करतात व त्यांच्या कडांची माती खरवडून एकत्र मिसळतात. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देतात. अर्धा किलो माती उरेपर्यंत हेच करतात. बांधाजवळची, झाडाखालची किंवा उकिरड्याची माती घेत नाहीत. खताच्या रिकाम्या पोत्यात तर नमुना मुळीच भरत नाहीत. कारण पोत्याला चिकटलेले खत मातीत मिसळते. मग पत्रिका सांगते, “नत्र भरपूर आहे,” आणि शेतातले पीक मात्र उपाशी राहते.

दुसरीही एक अडचण असते. या योजनेत आरंभी बागायतीत 2.5 हेक्टरांमागे व जिरायतीत 10 हेक्टरांमागे एक नमुना घेण्याचे ठरले होते. लहान शेते असलेल्या गावात अशा एका नमुन्यावर अनेकांच्या पत्रिका तयार होत. आपल्या पत्रिकेतील आकडा शेजाऱ्याच्या शेतातला असेल, तर त्यावर किती विसंबावे?

शिवाय माहिती वेळेवर यावी लागते. पेरणी आटोपल्यावर हाती आलेली पत्रिका त्या हंगामापुरती निरुपयोगीच ठरते.

चुकीचा आकडा कागदावर निरुपद्रवी दिसतो. शेतात मात्र त्याची किंमत शेतकऱ्याला खतापायी गेलेल्या पैशाने व बुडालेल्या पिकाने मोजावी लागते. म्हणून माहिती मिळाली, एवढ्यावर समाधान मानू नये. ती कोठून, कशी व केव्हा घेतली, हेही विचारावे.

अभ्यास
1. खताच्या पोत्यात मातीचा नमुना का भरू नये?
2. ‘मातीची साक्ष’ हे नाव या पाठाला का शोभते?