आर्त, नास्तिक आणि मौन : आपत्ती व श्रद्धा यांच्या संबंधाविषयी काही मराठी साक्षी

संकटात माणूस देवाकडे वळतो, हा समज जितका जुना आहे तितकाच संकटात त्याचा देवावरचा विश्वास उडतो हा समजही जुना आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगताना पहिले नाव येते ते ‘आर्ता’चे. भागवतातील कुंती तर कृष्णाकडे विपत्तीच मागते. विपत्तीत त्याचे दर्शन घडते, हे तिचे कारण. उलटपक्षी, भय व अज्ञान यांतून देव निर्माण झाले आणि ज्ञानाबरोबर ते लयाला जातील, अशी एकोणिसाव्या शतकातील बुद्धिवादाची धारणा होती. या दोन्ही मतांचे गृहीत एकच आहे, ते म्हणजे आपत्ती माणसाला एका ठरावीक दिशेने ढकलते. मराठी वाङ्मयात ज्यांनी स्वतःच्या आपत्तीविषयी लिहिले त्यांच्या साक्षी मात्र या गृहीताला फारसा आधार देत नाहीत.

पहिली साक्ष अर्थातच तुकारामांची. १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये जो भीषण दुष्काळ पडला त्याचा उल्लेख त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगात आहे. दुष्काळाने द्रव्य आटले, मान गेला, एक पत्नी अन्नासाठी टाहो फोडीत मेली, व्यवसायात तूट आली, जिवाला लाज वाटू लागली. यानंतर अभंगात येते ते भंगलेले देऊळ दुरुस्त करण्याचे चित्ताने घेतलेले काम. मग एकादशीचे कीर्तन, संतवचनांचे पाठांतर. हा क्रम ध्यानात घेणे अगत्याचे आहे. दुष्काळानंतर आधी येते ती लज्जा, आणि तिच्या पाठोपाठ हाताला लागलेले काम. साक्षात्कार पुष्कळ पुढचा. शिवाय देव तुकारामांना नव्याने सापडलेला नाही. विठ्ठलाची उपासना घराण्यात पूर्वापार चालत आलेली होती. दुष्काळाने श्रद्धा उत्पन्न केली असे म्हणण्यापेक्षा, वारशाने मिळालेल्या श्रद्धेला आधार देणारा संसार त्याने काढून घेतला, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

दिवाळे निघाले हे बरेच झाले, असे देवाला सांगणारा तुकारामांचा अभंग सर्वपरिचित आहे, आणि आर्तभक्तीचे उदाहरण म्हणून तोच पुढे केला जातो. परंतु आपल्या लेखी देव मेला आहे, असे निर्वाणीचे बोलही त्याच गाथेत आहेत. टीकाकार बहुधा हे उद्गार भक्ताचा लाडिक रुसवा म्हणून बाजूला सारतात. ते फार सोयीचे आहे. देव नाही असे मनात अनुभवण्याची भाषा ज्या कवीला सुचते, त्याच्या श्रद्धेत नकाराचा क्षण प्रत्यक्ष येऊन गेलेला असला पाहिजे.

दुसरी साक्ष पंडिता रमाबाईंची. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरे. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई व थोरली बहीणही. रमाबाईंचे वय तेव्हा सोळा वर्षांचे होते. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात हा काळ त्यांनी तपशिलाने सांगितला आहे. शास्त्रात सांगितलेली व्रते, स्नाने, दाने सर्व काही यथासांग झाले. जवळचा पैसा देवकार्यात संपला. शेवटी रानातला पाला खाण्याची वेळ आली. तरी देव प्रसन्न झाले नाहीत. त्यानंतर भावासह त्यांनी देशभर पायी प्रवास केला, आणि या प्रवासात जुन्या देवतांवरील विश्वास ओसरत गेला.

येथे तुकारामांशी तुलना केल्यास एक भेद स्पष्ट होतो. रमाबाईंच्या निवेदनात कोसळते ती कराराची श्रद्धा : इतके केले की इतके मिळेल, या हिशेबाची. दुष्काळाने हा हिशेब खोटा पाडला. तुकारामांचा हिशेब मोडला तो वाण्याचा. देवाशी असलेले नाते त्या वहीत मांडलेले नव्हते. अर्थात् हा भेद फार ताणू नये, कारण पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. दुष्काळाने रमाबाईंना नास्तिक केले नाही, तसे ख्रिस्तीही केले नाही. १८७८ साली कलकत्त्यास गेल्यावर त्यांनी धर्मशास्त्रग्रंथ वाचले, आणि स्त्रियांविषयी व शूद्रांविषयी त्यांत जे आढळले त्याने त्यांचा हिंदू धर्मावरील उरलासुरला विश्वास मोडला. १८८० साली भाऊ गेला, १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. बाप्तिस्मा झाला तो इंग्लंडमधील वाँटेज येथे, १८८३ च्या सप्टेंबरात. दुष्काळाने जागा रिकामी केली. ती कशाने भरायची ते ग्रंथांनी, माणसांनी आणि प्रसंगांनी ठरविले.

याहून बोलका प्रसंग पुढचा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनाचा पाया यातूनच पडला. एकाच स्त्रीच्या आयुष्यात दोन दुष्काळ आले. पहिल्याने देव हिरावला, दुसऱ्याने देवावरील निष्ठेला काम दिले. पहिल्या वेळी त्या भुकेल्यांत होत्या, दुसऱ्या वेळी अन्न देणाऱ्यांत. आपत्तीचा परिणाम मोजताना माणूस तिच्यात कोठे उभा होता, हे विचारावे लागते.

कारावासाचे उदाहरण थोडक्यात पुरे. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले. शिक्षा एक, तुरुंग एक, कष्ट सारखे. पुढे टिळक गीतेचे भाष्यकार झाले आणि आगरकर मराठीतील निरीश्वरवादाचे प्रमुख प्रवक्ते. तुरुंगाने या दोघांपैकी कोणालाही घडविले नाही. आगरकरांचे विद्यार्थिदशेतील दारिद्र्य आणि आयुष्यभर छळणारा दमा लक्षात घेतला, तर संकट आणि ईश्वरनिष्ठा यांची सांगड घालणाऱ्याला त्यांच्यापाशी थांबावेच लागेल. त्यांचा नास्तिकपणा मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनातून आला होता, आणि दुःख त्याला धक्का लावू शकले नाही.

मराठीबाहेरच्या कादंबरीकारांनी हाच प्रश्न साथीच्या रोगाच्या संदर्भात हाताळला आहे. रवींद्रनाथांच्या ‘चतुरंग’मध्ये (१९१६) नास्तिक जगमोहन कलकत्त्याच्या प्लेगमध्ये रोग्यांची शुश्रूषा करताना मरतो, आणि त्याचाच शिष्य व पुतण्या शचीश एका स्वामीच्या भक्तिसंप्रदायात शिरतो. अनंतमूर्तींच्या ‘संस्कार’मध्ये (१९६५) नेमके उलटे आहे. अग्रहारात प्लेग शिरलेला असता प्राणेशाचार्य मारुतीपुढे कौल मागत बसतात, आणि कौल मिळत नाही. एकीकडे नास्तिकाचा मृत्यू श्रद्धेला वाट देतो, दुसरीकडे देवाचे मौन आचारनिष्ठाला उन्मळून टाकते. दोन्ही लेखकांना यांत विसंगती वाटण्याचे कारण नव्हते.

श्रद्धा की नास्तिक्य, ही विभागणीच अपुरी आहे हे १९५६ च्या घटनेने दाखविले. १४ ऑक्टोबर रोजी नागपुरात आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिल्याच प्रतिज्ञेत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानण्याचे नाकारले आहे, आणि तरीही तो धर्मस्वीकारच होता. पिढ्यान्पिढ्यांच्या यातनांतून आलेल्या त्या समुदायाने देव टाकला, धर्म टाकला नाही. पुढील काळातील दलित कवितेतील ईश्वरनिंदा या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. ती निव्वळ निरीश्वरवादी नाही.

एक अडचण मात्र सर्व विवेचनाला व्यापून राहते. उपलब्ध साक्षी वाचलेल्यांच्या आहेत, आणि त्या पलीकडे पोहोचल्यावर दिलेल्या आहेत. तुकाराम संतांनी विचारले म्हणून आपली कथा सांगतात. रमाबाईंचे निवेदन तर ख्रिस्ती परंपरेतील ‘साक्ष’ या प्रकारातच मोडते. अशा कथनात आपत्ती ही मुक्कामाकडे नेणारी वाट म्हणूनच दिसणार. अन्न अन्न करीत जी पत्नी गेली तिने अखेरच्या क्षणी विठ्ठलाला हाक मारली की शिव्या दिल्या, हे गाथा सांगत नाही.

दुसऱ्या पत्नीचे, जिजाईचे, तसे नाही. चरित्रपरंपरेने तिला कर्कशा ठरविले, पण तिचा आवाज पुसला नाही. घरात दाणा नसताना ती विठ्ठलाला नावे ठेवते, संसार बुडविला म्हणून दोष देते. आणि रोज भाकर घेऊन डोंगरावर नवऱ्याला शोधत जाते. तिच्या पायात काटा रुतल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. काटा काढायला विठ्ठल स्वतः येतो, आणि ती तोंड फिरविते. ती ज्या बाजूला वळेल त्या बाजूला तो पुन्हा उभा असतो.