थंडीच्या तोंडावर शेततळ्यातील मासे: वणी परिसरासाठी सल्ला

वणी आणि दिंडोरी तालुक्याच्या पट्ट्यात मासा मिळतो तो दोन ठिकाणी: ओझरखेड, करंजवण, पुणेगाव, वाघाड यांसारख्या धरणांत आणि द्राक्षबागांसाठी खोदलेल्या, प्लास्टिक कागद अंथरलेल्या शेततळ्यांत. दिवाळी उलटली की दोन्हीकडचे पाणी गार होऊ लागते. धरणाचे पाणी मोठे, ते हळूहळू निवते. शेततळे लहान असल्याने सातमाळ्याच्या डोंगरउतारांवरून रात्री खाली उतरणारी थंड हवा चार-पाच रात्रींतच त्याचे तापमान बदलून टाकते. कार्तिकाच्या मध्यापासून माघ संपेपर्यंतचा हा काळ मत्स्यपालकाच्या नफ्या-तोट्याचा असतो आणि यातले बहुतेक नुकसान थंडीने होत नाही. पाणी गार झाल्यावरही उन्हाळ्यासारखेच खाद्य टाकत राहिल्याने आणि बागेसाठी तळे उपसत गेल्याने ते होते.

माशाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. पाणी जितके गार, तितके त्याचे शरीर गार आणि तितकेच पचन मंद. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे 25 ते 32 अंश सेल्सिअसच्या पाण्यात जोमाने वाढतात. पाणी 20 अंशांखाली गेले की त्यांची भूक उतरते आणि 15-16 अंशांच्या आसपास ते तळाशी जवळजवळ निश्चल राहतात. सायप्रिनस हा मासा थंडी अधिक सोसतो आणि गार पाण्यातही थोडेफार खात राहतो. तिलापिया आणि पंगस यांची गोष्ट वेगळी आहे. तिलापियाचे खाणे 16-17 अंशांना थांबते आणि पाणी 10-12 अंशांपर्यंत गेले तर तो मरतो. पंगसही 15 अंशांखाली तग धरत नाही. नाशिक जिल्ह्यातील डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ध्यानात घेता, आणि निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात काही वर्षी हवेचे किमान तापमान 5 अंशांखाली नोंदले गेले आहे हे पाहता, या दोन जाती पौषापर्यंत तळ्यात ठेवणे हा जुगार आहे. विक्रीयोग्य झालेला तिलापिया आणि पंगस मार्गशीर्ष लागण्यापूर्वीच काढून विकावा.

म्हणूनच तळ्यावर सर्वांत आधी हवा तो साधा तापमापक. दोरीला बांधून तो मीटरभर खोल सोडावा आणि सकाळी सात व दुपारी तीन अशा दोन वेळा नोंद घ्यावी. हवेतल्या थंडीवरून पाण्याचा अंदाज बांधला तर तो चुकतो, कारण दिवसभराचे ऊन पाण्यात साठून राहते आणि पाणी हवेच्या मागे दोन-तीन दिवस चालते.

खाद्याचा हिशेब याच नोंदीवर करावा. पाणी 25 अंशांवर असताना वाढत्या माशांना त्यांच्या एकूण वजनाच्या 2 ते 3 टक्के खाद्य रोज लागते. सकाळचे तापमान 20 अंशांवर आले की ते 1 टक्क्यावर आणावे, 18 अंशांखाली अर्ध्या टक्क्यावर, आणि 16 अंशांखाली पूर्ण बंद करावे. उदाहरणार्थ, 400 ग्रॅमचे 500 मासे म्हणजे 200 किलो वजन झाले. ऑक्टोबरात त्यांना 4 किलो खाद्य लागत असेल, तर डिसेंबरच्या गार सकाळी 2 किलोही जास्त होते. उरलेली शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा कागदाच्या तळाशी साचून कुजतात, त्यातून अमोनिया तयार होतो आणि कुजण्यात प्राणवायूही खर्ची पडतो. मातीच्या तळ्यात हा गाळ काही अंशी जमिनीत मुरतो, कागदाच्या तळ्यात तो जिथल्या तिथे राहतो. म्हणून कागदाच्या तळ्यात खाद्य पसरून टाकू नये. काठाजवळ परातीसारख्या पसरट ट्रेमध्ये ते ठेवावे आणि दोन तासांनी ट्रे उचलून पाहावी. खाद्य उरलेले दिसले तर दुसऱ्या दिवशी तेवढे कमी करावे. खाद्याची वेळही बदलावी लागते. उन्हाळ्यात पहाटे दिले जाणारे खाद्य थंडीत वाया जाते, कारण तेव्हा मासा वर येत नाही. साडेदहा-अकराला एकदा आणि तीनच्या सुमारास एकदा, पाणी दिवसातले सर्वांत उबदार असताना ते द्यावे.

पाण्याच्या पातळीचा प्रश्न मात्र खरा कठीण आहे, कारण तळे मुळात बागेसाठी आहे. शासनाच्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतील 30 बाय 30 बाय 3 मीटरचे तळे घेतले, तर एकास एक उताराच्या बाजू धरून त्यात काठोकाठ सुमारे 2,196 घनमीटर, म्हणजे जवळपास 22 लाख लिटर पाणी बसते. तेच तळे दीड मीटरपर्यंत उपसले की पाणी निम्मे राहत नाही. बाजू उताराच्या असल्याने ते सुमारे 977 घनमीटर, म्हणजे 45 टक्क्यांहूनही कमी उरते. मासे तेवढेच राहतात आणि त्यांची दाटी दुपटीहून वाढते. शिवाय उथळ पाणी एका रात्रीत अधिक गार होते आणि दुपारी अधिक तापते. हे रोजचे चढ-उतार माशाला थंडीपेक्षाही जास्त थकवतात. जानेवारीपर्यंत किमान दीड मीटर, शक्य असल्यास दोन मीटर पाणी राखावे. बागेची गरज त्यापेक्षा मोठी असेल तर पाणी उपसण्यापूर्वी मोठे मासे काढून घ्यावेत. पाणी आधी उपसून मग माशांची चिंता करण्याचा क्रम नेहमीच महागात पडतो.

उपसा करायचाच, तर तो तळाजवळून करणे चांगले. तळाच्या पाण्यात विष्ठा आणि कुजलेले खाद्य अधिक असते. ते माशाला नको असते आणि वेलीला मात्र चालते. फूटव्हॉल्व्हवर बारीक जाळी बांधावी, नाहीतर बोटुकली खेचली जाते. ठिबकाचे फिल्टर या दिवसांत रोज धुवावे लागतात. विहीर किंवा बोअरवेलचे पाणी तळ्यात सोडायचे असेल तर ते पहाटे सोडावे, कारण भूजल या काळात तळ्यापेक्षा उबदार असते. पण बोअरच्या पाण्यात प्राणवायू फारच कमी असतो, म्हणून ते पाइपातून थेट तळाशी न सोडता उंचावरून, फवाऱ्यासारखे पाडावे.

प्राणवायूबाबत एक गैरसमज रूढ आहे. गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो हे खरे. समुद्रसपाटीला 25 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 8 मिलिग्रॅम, तर 15 अंशांच्या पाण्यात सुमारे 10 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. पण मावणे आणि असणे यांत फरक आहे. ऑक्टोबरच्या उन्हात वरचे पाणी तापून हलके राहते आणि तळाचे गार पाणी प्राणवायूविना पडून असते. थंडीची पहिली लाट आली की वरचे पाणी गार होऊन जड होते, खाली बसते आणि तळाचे घाण पाणी वर येते. त्यानंतरच्या एक-दोन सकाळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. प्राणवायू लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर असावा. 3 च्या खाली गेला की धोका असतो. अशा सकाळी खाद्य अजिबात देऊ नये. पंपाने तळ्यातलेच पाणी उचलून पुन्हा तळ्यात फवारावे किंवा एरेटर चालवावा, आणि हे काम पहाटे तीन-चार वाजल्यापासून ऊन चढेपर्यंत करावे. दुपारी एरेटर चालवण्यात वीज खर्च होते, फायदा फारसा होत नाही.

ढगाळ हवा आणि अवकाळी पाऊस यांनी हेच संकट अधिक तीव्र होते. 26 नोव्हेंबर 2023 रोजी नाशिक जिल्ह्यात गारपिटीसह पाऊस झाला तेव्हा सर्वांचे लक्ष साहजिकच द्राक्षघडांकडे होते. अशा पावसानंतर तळ्यालाही तातडीची देखरेख लागते. दोन-तीन दिवस ऊन नसले की पाण्यातले हिरवे प्लवंग मरू लागतात. जे रोज प्राणवायू देत होते, तेच आता कुजताना तो खाऊ लागतात. पाण्याचा रंग हिरव्याचा तपकिरी झाला तर हे घडते आहे असे समजावे. प्लवंग प्रमाणात आहेत की नाहीत ते पाहण्याची सोपी रीत अशी: हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवावा, तळवा अंधुक दिसला तर ठीक, मुळीच दिसला नाही तर पाणी फार दाट झाले आहे आणि काही पाणी बदलायला हवे. शेणखत या महिन्यांत तळ्यात टाकू नये. गार पाण्यात ते कुजायला वेळ लागतो आणि साचून राहते.

या परिसरातल्या मत्स्यपालनाचा सर्वांत मोठा, आणि सर्वांत कमी बोलला जाणारा धोका फवारणीचा आहे. गोडी छाटणीनंतरचे पन्नास-साठ दिवस डाऊनी, भुरी आणि किडींसाठी ब्लोअर जवळजवळ रोज फिरतो, आणि तळे बहुधा बागेच्या कडेलाच असते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली सायपरमेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन यांसारखी कीटकनाशके माशांना लिटरला काही मायक्रोग्रॅम इतक्या अल्प मात्रेतही मारक ठरतात. बोर्डो मिश्रणातले तांबे आणि डोळे फुटण्यासाठी लावले जाणारे हायड्रोजन सायनामाइडही माशांना घातक आहे. वारा तळ्याच्या दिशेने वाहत असताना त्या बाजूच्या ओळी फवारू नयेत. तळ्यालगतच्या दोन-तीन ओळी ब्लोअरऐवजी हातपंपाने, नोझल बागेच्या आत वळवून फवाराव्यात. फवारणीची टाकी तळ्याच्या बांधावर कधीही धुऊ नये आणि टाकी भरताना तळ्याच्या पाण्यात पाइप सोडून उलट प्रवाह होऊ देऊ नये. एका टाकीचे धुवण वर्षभराचे मासे संपवू शकते.

रोगांकडे पाहताना पाण्याचे तापमान 18 ते 22 अंशांच्या दरम्यान असेल तर विशेष सावध राहावे. अफॅनोमायसिस या बुरशीसदृश जिवामुळे होणारा व्रणरोग याच तापमानात आणि पावसानंतर बळावतो. अंगावर आधी लाल चट्टे उठतात, मग त्यांच्या खोल जखमा होतात. मरळ आणि मृगळ यांना तो लवकर गाठतो. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने विकसित केलेले ‘सिफॅक्स’ हे औषध हेक्टर-मीटर पाण्याला 1 लिटर या प्रमाणात वापरतात. काठोकाठ भरलेल्या वरील तळ्याला ते सुमारे 220 मिलिलिटर लागते, तर दीड मीटर पाण्याला 100 मिलिलिटरही लागत नाही. म्हणून औषधाची मात्रा तळ्याच्या आकारावरून ठरवू नये, त्या दिवशी असलेल्या पाण्यावरून ठरवावी. जाळे लागून खरचटलेल्या माशांवर कापसासारखी बुरशी चढते. असे मासे परत सोडण्यापूर्वी 2 ते 3 टक्के मिठाच्या द्रावणात, म्हणजे लिटरला 20 ते 30 ग्रॅम मीठ घालून, मिनिट-दोन मिनिटे बुडवावेत. मासा अस्वस्थ झाला की लगेच काढावा. प्रतिबंध म्हणून हेक्टरी 200 किलो या हिशेबाने 30 मीटरच्या तळ्याला सुमारे 18 किलो कृषी चुना दोन हप्त्यांत देता येतो. पण आधी सामू तपासावा. तो 8.5 च्या वर असेल तर चुना देऊ नये, कारण वाढत्या सामूबरोबर पाण्यातला अमोनियाही अधिक विषारी होतो.

पाहुण्या पक्ष्यांचीही याच काळात भर पडते. कादवा आणि गोदावरीच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर, जे 2020 साली महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र ठरले, तिथे हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात. पाणकावळे आणि बगळे आसपासच्या तळ्यांवरही येतात आणि गारठून मंद झालेली बोटुकली त्यांना सहज सापडते. द्राक्षांवर टाकण्याची जाळी तळ्यावर ताणली किंवा दोन-दोन फुटांवर चकाकत्या पट्ट्या बांधल्या की बराच बचाव होतो. विषप्रयोग करू नये. तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ज्या तळ्यातले पाणी बागेला आणि जनावरांना जाते तिथे विष टाकणे स्वतःच्याच घरावर उलटते.

विक्रीचा विचार करता कार्तिकी पौर्णिमेनंतरचे दिवस चांगले असतात. चातुर्मास पाळणारी घरे पुन्हा मासे घेऊ लागतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मागणी बसते, म्हणून गुरुवारी आणि बुधवारी संध्याकाळी मासे काढू नयेत. काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. पोट रिकामे असलेला मासा वाहतुकीत टिकतो. ओढजाळे सकाळी ऊन आल्यावर टाकावे. पहाटेच्या गार पाण्यात ताणलेला मासा परत सोडला तरी पुढच्या दिवसांत मरतो. जाळ्याच्या शिशाच्या गोळ्यांनी कागद फाटू नये म्हणून खालच्या दोरीवर कापड गुंडाळावे. कागदाचा उतार ओला असताना विलक्षण निसरडा होतो. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि टायर बांधलेले असल्याशिवाय कोणीही, पोहता येत असले तरी, तळ्यात उतरू नये. नाशिकला किंवा सापुतारामार्गे सुरतेकडे माल जायचा असेल तर माशाइतक्याच वजनाचा बर्फ थरांनी भरावा.

धरणांत जाळी लावणाऱ्या सहकारी संस्थांच्या मच्छीमारांसाठी या काळाचे गणित थोडे वेगळे आहे. रब्बीचे आवर्तन सुटले की पातळी उतरते आणि मासे जुन्या नदीपात्राच्या खोल भागाकडे सरकतात. काठच्या उथळ पाण्यात लावलेली जाळी रिकामी येऊ लागली तर ती त्या खोलीकडे न्यावीत. दुपारी अकरा ते चारच्या दरम्यान मात्र मासे ऊब घ्यायला कडेला येतात आणि गळ लावणाऱ्यांना तेव्हाच यश मिळते. बारीक आसाची जाळी वापरू नयेत. कटला आणि रोहू दुसऱ्या वर्षानंतर प्रजननक्षम होतात, आणि त्याआधीच ते काढले तर पुढच्या पावसाळ्यातली वाढ हातची जाते.

माघाच्या अखेरीस सकाळचे पाणी सलग आठवडाभर 20 अंशांवर राहिले की खाद्य पुन्हा सुरू करावे. आधी 1 टक्का द्यावे आणि ट्रे रिकामी होत असेल तर आठवड्याला थोडे वाढवत न्यावे. नवी बोटुकली सोडायची असेल तर तीही याच सुमारास सोडावी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये स्वस्त मिळते म्हणून आणलेल्या बीजातली मर मोठी असते. पिशवी अर्धा तास तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग थोडे थोडे तळ्याचे पाणी आत घ्यावे आणि दोन्हींचे तापमान सारखे झाल्यावरच पिशवीचे तोंड मोकळे करावे.