रात्री प्याला, सकाळी दिसेना

मंडळी, आम्ही शाळेत 'दारू वाईट' हा धडा चाळीस वर्षे शिकवला. ज्याला सोडायची नव्हती त्याने काही ती सोडली नाही. म्हणून आज तो धडा नको. भेसळीची दारू घरात कोणी प्यालाच, तर काय करायचे तेवढे आज पाहू.

जून २०१५ मध्ये मुंबईत, मालाडच्या मालवणी वस्तीत, गावठी दारू पिऊन शंभरावर माणसे मेली. बहुतेक हातावर पोट असलेली. त्या दारूत मिथेनॉल होते. खटला चालला. २०२४ साली कोर्टाने चौघांना दोषी ठरवले.

मिथेनॉल म्हणजे काय? ते कारखान्यात वापरायचे स्पिरिट आहे. रंग, वार्निश अशा कामाला ते लागते. दिसायला पाण्यासारखे, वास दारूसारखा. स्वस्त पडते, म्हणून विकणारा ते मिसळतो. पिणाऱ्याच्या जिभेला काही कळत नाही. दोन चमचे पोटात गेले तरी डोळे जाऊ शकतात.

हे विष लबाड आहे. ते लगेच दिसत नाही. माणूस घरी येतो, जेवतो, झोपतो. तोवर शरीरात त्या मिथेनॉलचे आम्ल बनत असते. काही मुंग्यांच्या विषात असते तेच हे आम्ल. बारा तास जातात, कधी पुरा दिवस जातो. मग डोकं दुखतं, पोटात कळा येतात, उलट्या होतात. घरची माणसं म्हणतात, "रात्री जास्त झाली. पडू द्या, उतरेल." इथेच घात होतो! पुढे डोळ्यांपुढं धुकं येतं, धाप लागते, शुद्ध जाते.

ताकाने किंवा लिंबाने हे विष उतरत नाही. उतारा म्हणून पुन्हा दारू तर मुळीच पाजू नका. १०८ नंबरला फोन करा. त्या गाडीला पैसे पडत नाहीत. माणूस बेशुद्ध असेल तर त्याला कुशीवर निजवा, तोंडात काही घालू नका. डॉक्टर विषाचे आम्ल होऊ न देणारे औषध देतात. रक्त धुण्याचे यंत्रही लागते. त्याला डायलिसिस म्हणतात. त्यासाठी संभाजीनगरला घाटीसारख्या मोठ्या दवाखान्यात न्यावे लागते. वेळेवर नेले तर जीव वाचतो, पुष्कळदा डोळेही वाचतात.

बायाबापड्या विचारतात, "गुरुजी, पोलीस येतील ना?" येतील. दवाखान्याला त्यांना कळवावेच लागते. पण त्यासाठी डॉक्टर उपचार थांबवत नाहीत. तेव्हा "काही खाण्यात आलं असेल" असे सांगू नका. काय प्याला, किती वाजता, ते खरे सांगा. उरलेली बाटली किंवा पिशवी सोबत न्या.

आणि त्या रात्री त्याच्यासोबत कोण कोण बसले होते? त्यांच्या घरी लगेच निरोप धाडा. ते धडधाकट दिसत असले, शेतावर गेले असले, तरी त्यांनाही त्याच गाडीत बसवा.