आत्मवंचना

दुसऱ्यास फसवू नये हे आपणांस लहानपणापासून शिकविले जाते. स्वतःस फसविण्याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. येथे फसविणारा आणि फसणारा एकच. तक्रार करावयाची कोणी? शिवाय ही फसवणूक निव्वळ असत्यावर क्वचितच चालते. एखादे लहानसे सत्य पुढे करावयाचे आणि मोठे सत्य त्याच्या आड दडवावयाचे, अशी तिची रीत असते. ज्या कामी आपण पुष्कळ कष्ट वेचलेले असतात, तेथे तर हा मोह फारच प्रबळ होतो.

पालीचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण पाहा. त्यांची मातृभाषा माझ्याप्रमाणेच कोंकणी. परंतु आपले आत्मचरित्र 'निवेदन' त्यांनी मराठीत लिहिले, याचा मला (कारण नसताना) अभिमान वाटतो. गोव्यातील सांखवाळ गावी १८७६ साली त्यांचा जन्म झाला. शाळेतील शिक्षण बेताचेच, गळ्यात नारळीच्या बागेचा व्याप. घर सोडण्याचे पहिले प्रयत्न फसले. शेवटी १८९९ मध्ये ते बाहेर पडले. मागे राहिलेल्या पत्नीने आणि तान्ह्या मुलीने काय सोसले असेल, हेही विसरता कामा नये. पुण्याहून पुढे काशीस जाऊन, अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. ओढ होती ती बुद्धाचा धर्म जाणण्याची. तो नेपाळात अद्याप टिकून आहे असे कळल्यावरून १९०२ साली खडतर प्रवास करून ते तेथे पोहोचले. पाहतात तो धर्माची दशा अगदी निराशाजनक!

आता विचार करा. इतकी वणवण झाल्यावर 'हेच ते' अशी मनाची समजूत घालणे किती सोपे होते! तेथे स्तूप होते, मूर्ती होत्या, स्वतःस बौद्ध म्हणविणारी माणसेही होती. हे सारे सत्यच होते. परंतु आपण शोधीत होतो ते हे नव्हे, हे त्यांनी स्वतःपाशी कबूल केले आणि ते माघारी वळले. बुद्धगयेवरून त्याच वर्षी ते सिंहलद्वीपास गेले व कोलंबोच्या विद्योदय विहारात पालीच्या अभ्यासास त्यांनी प्रारंभ केला.

आपल्यापैकी कित्येक जण परीक्षेनंतर म्हणतात, "मला येत होते, पण ऐनवेळी आठवले नाही." पुस्तक मिटून एकदा लिहून पाहिले असते, तर येत होते की नव्हते याचा निकाल घरीच लागला असता. नेमके तेच आपण टाळतो.

हे लिहिणाराही वेगळा नाही. धर्मानंदांचे चरित्र वाचून मी पालीचे एक पुस्तक विकत घेतले. "उत्तरपत्रिकांमुळे वेळ मिळत नाही," असे चार वर्षे स्वतःस सांगितले. गेल्या महिन्यात एका आठवड्याचा खरा हिशेब वहीत मांडला. उत्तरपत्रिकांना सात तास लागले होते. राजवाड्यावरील गप्पा आणि रात्रीची सराफ्यातील खाद्यभ्रमंती मिळून अकरा! ती वही आता त्या पुस्तकाजवळच ठेवली आहे. पुस्तकाची तेरा पाने झाली आहेत.