पंढरीतील चोखामेळा धर्मशाळा

तीर्थयात्रेस निघालेल्या भाविकास निवारा देणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर (राज्यकाल १७६७ ते १७९५) यांनी ठिकठिकाणच्या तीर्थक्षेत्री घाट, धर्मशाळा व अन्नछत्रे उभारली, हे सर्वश्रुत आहे. परंतु धर्मशाळेचे दार सर्वांस सारखेच उघडे होते, असे मात्र म्हणता येत नाही. पुष्कळशा धर्मशाळा त्या त्या ज्ञातीपुरत्या असत. पंढरीच्या वारीस येणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यास मंदिरात प्रवेश नव्हता आणि गावात मुक्कामास ओसरीही मिळत नव्हती. संत चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, आणि त्यांच्या वाटेने येणारा भक्त मात्र उघड्या वाळवंटात!

ही उणीव श्री गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) ओळखली. १९२० च्या सुमारास त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. ज्यांना कोठेच थारा नव्हता त्यांच्यासाठी बांधलेल्या या वास्तूस चोखोबांचे नाव द्यावे, यातच महाराजांचे मन दिसते. श्रीविठ्ठल मंदिराचे दार या भाविकांस उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ त्यांस पंढरीत हक्काचे छप्पर होते, देवदर्शन मात्र नव्हते.

निधीची रीत साधी होती. महाराज कीर्तनातून लोकांस दानाचे आवाहन करीत व जमलेला पैसा बांधकामासच लागे. धर्मशाळा उभी राहिली तरी स्वतः तीत न राहता ते बाहेर झोपडीत राहत, असे सांगतात. नाशिक येथील धर्मशाळेस अंध-अपंगांच्या सदावर्ताची जोड होती.

पुढे १९४९ साली महाराजांनी पंढरपूरची ही धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, ती गरीब विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. वारीच्या चार दिवसांचा निवारा वर्षभराचे घर झाला. कष्टाने उभारलेली वास्तू अशी सहज देऊन टाकणे हे धर्मशाळा बांधण्याहून कठीण, असे आम्हांस वाटते.

महाराजांच्या अखेरच्या वर्षांत, १९५४ साली, मुंबईस जे. जे. रुग्णालयानजीक धर्मशाळा झाली. तेथे मुक्कामास येणारे यात्रेकरू नव्हते. आपला माणूस रुग्णालयात ठेवून फुटपाथवर रात्र काढणारे खेड्यापाड्यांतील नातेवाईक होते.