सर्वसाधारण न्यायालये आणि गावचे तंटे : नगर जिल्ह्याच्या इतिहासातील एक धडा

शेताचा बांध, वहिवाटीचा रस्ता, विहिरीतील हिस्सा, भाऊबंदांमधील वाटणी किंवा हातउसनी रक्कम यांपैकी एखाद्या कारणावरून तंटा झाला नाही असे गाव क्वचितच सापडेल. बहुतेक तंटे चार जाणत्या माणसांच्या मध्यस्थीने मिटतात. जे मिटत नाहीत त्यांचा निवाडा बळाने होऊ नये, कायद्याने व्हावा, यासाठी समाजाने न्यायालये निर्माण केली. तथापि न्यायालय अस्तित्वात असणे आणि त्यातून न्याय मिळणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. हा फरक ज्या जिल्ह्यांच्या इतिहासात ठळकपणे दिसून आला त्यांमध्ये अहमदनगर, म्हणजेच २०२४ पासूनचा अहिल्यानगर जिल्हा, प्रामुख्याने मोडतो. गावपातळीवर काम करणारे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी तो इतिहास समजून घेणे अगत्याचे आहे.

सर्वसाधारण न्यायालय म्हणजे काय?

काही न्यायासने विशिष्ट कायद्यान्वये विशिष्ट प्रकारच्या वादांसाठीच स्थापन झालेली असतात. त्यांचे अधिकार त्या कायद्याच्या चौकटीपुरते मर्यादित असतात. सर्वसाधारण न्यायालयाचे तसे नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ९ अन्वये, कायद्याने स्पष्टपणे अथवा ध्वनितार्थाने मनाई केलेले दावे वगळता दिवाणी स्वरूपाचे सर्व दावे चालविण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयांस आहे. म्हणजे दाद मागण्याचा हक्क हा नियम आणि मनाई हा अपवाद होय. धुलाभाई विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये हे तत्त्व विशद केले. दिवाणी न्यायालयाचा अधिकार वगळला गेला आहे, असे सहजासहजी मानता येत नाही.

अशा न्यायालयांची तीन लक्षणे सांगता येतील. पहिले म्हणजे ती सर्वांसाठी एकच असतात. सावकार व कर्जदार, जमीनदार व भूमिहीन यांना तेथे एकाच कायद्याने तोलले जाते. संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस देऊन नागरिकाला शासनाविरुद्धही दावा दाखल करता येतो. दुसरे म्हणजे तेथील काम खुले असते. दोन्ही पक्षांचे म्हणणे व पुरावा घेऊन कारणांसह निर्णय द्यावा लागतो. तिसरे म्हणजे त्या निर्णयावर वरिष्ठ न्यायालयात अपील करता येते. कनिष्ठ स्तर व वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश, त्यांवर जिल्हा न्यायालय आणि त्यावर उच्च न्यायालय अशी ही उतरंड आहे. नगर जिल्हा उच्च न्यायालयाच्या, १९८१ मध्ये सुरू झालेल्या, औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतो. संविधानाच्या अनुच्छेद २३५ अन्वये जिल्ह्यातील न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे, शासनाकडे नाही.

१८७५ : रोष कागदांवर का होता?

१८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे हिंदुस्थानच्या कापसाला भाव आला आणि शेतकऱ्याची पत वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास दख्खनमध्ये जमीन महसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला. शेतकरी कर्जात रुतत गेला. ही आर्थिक कारणे सर्वपरिचित आहेत. परंतु कर्जाच्या प्रश्नाचे रूपांतर उद्रेकात का झाले, याचे उत्तर मोठ्या प्रमाणात न्यायालयीन पद्धतीत सापडते.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा करण्यास तीन वर्षांची मुदत घालून दिली. जुने, शिळे दावे उकरून काढले जाऊ नयेत हा त्यामागील हेतू चांगलाच होता. प्रत्यक्षात मात्र दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची प्रथा पडली. निरक्षर कुणबी त्यावर नांगराची निशाणी करून मोकळा होई. आपण काय कबूल केले हे त्याला नेमके ठाऊक नसे. पुढे दावा दाखल झाला की न्यायालयापुढे शेवटचा रोखा तेवढा येई. मूळ कर्ज किती, फेड किती झाली, व्याज कसे चढले, या प्रश्नांत शिरण्याचे कारण न्यायालयास सहसा पडत नसे.

त्यात भर पडली ती प्रतिवादीच्या गैरहजेरीची. समन्स समजत नसे, कधी ते पोहोचतच नसे, न्यायालय दूर आणि खर्च न परवडणारा. परिणामी असंख्य दाव्यांत एकतर्फी हुकूमनामे होत. हुकूमनाम्याच्या बजावणीत जमिनीचा लिलाव होई आणि ती बहुधा सावकारच विकत घेई. नगर जिल्ह्याच्या सीमेलगत, शिरूर तालुक्यातील करडे या गावी १८७४ च्या अखेरीस अशाच एका हुकूमनाम्याच्या जोरावर सावकाराने एका देशमुखाचे घर पाडण्यास सुरुवात केली. तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगल उसळली आणि थोड्याच दिवसांत ती श्रीगोंदे, पारनेर, नगर व कर्जत या तालुक्यांतील गावांत पसरली.

या दंगलींत मनुष्यहानीपेक्षा कागदपत्रांचा नाश करण्यावर जमावाचा भर होता. कर्जरोखे, हुकूमनामे व हिशेबाच्या वह्या मागून घेऊन जाळण्यात आल्या. न्यायालय कागदच पाहते, मग कागदच नाहीसा करावा, असा तो सरळ हिशेब होता. तो बेकायदेशीर होता यात शंका नाही. सावकारांचेही सर्वच येणे खोटे नव्हते. परंतु ज्या न्यायालयात आपले म्हणणे कधी ऐकले गेले नाही, त्याच्या निर्णयाला माणूस न्याय मानीत नाही, ही गोष्ट त्यावरून स्पष्ट झाली.

१८७९ चा कायदा : न्यायालय टिकले, चौकशीची रीत बदलली

दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. या कायद्याने न्यायालयाचा दरवाजा बंद केला नाही. आतील कामाची रीत मात्र बदलली. रोख्यावर विसंबून न राहता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा आणि प्रतिवादी शेतकऱ्याची प्रत्यक्ष तपासणी करावी, असे बंधन न्यायालयांवर घालण्यात आले. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास अटक करण्याची तरतूद काढून टाकण्यात आली. खास तारण दिलेली नसेल तर त्याची स्थावर मालमत्ता जप्तीतून वगळली गेली आणि हप्त्यांनी फेड करण्याची मुभा देण्यात आली. किरकोळ दाव्यांसाठी ग्राममुन्सफ नेमण्याची आणि दाव्यापूर्वी समेटाचा प्रयत्न करणाऱ्या पंचांची व्यवस्थाही कायद्यात होती.

या कायद्याखालील कामकाजाच्या तपासणीसाठी खास न्यायाधीशाचे पद निर्माण करण्यात आले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८८१ पासून या यंत्रणेत काम केले. १८८७ मध्ये ते स्वतः खास न्यायाधीश झाले आणि १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयावर त्यांची नेमणूक होईपर्यंत त्या पदावर होते.

कायद्याला पळवाटाही निघाल्या. कर्ज देतेवेळी गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घेण्याचा मार्ग अवलंबिला गेला. तेव्हा कागदावर काहीही लिहिलेले असले तरी व्यवहाराचे खरे स्वरूप तपासण्याचा अधिकार दुरुस्तीद्वारे न्यायालयास देण्यात आला. हा कायदा आज अस्तित्वात नाही. कागदामागील व्यवहार शोधण्याचे त्याचे तत्त्व मात्र महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्येही आढळते. सावकारीच्या ओघात बळकावलेल्या जमिनीबाबत चौकशी करून ती परत देवविण्याचा अधिकार त्यान्वये जिल्हा निबंधकास आहे.

कोणत्या तंट्यासाठी कोणता दरवाजा?

दिवाणी न्यायालयाचा अधिकार व्यापक असला तरी काही विषय कायद्याने अन्य यंत्रणांकडे सोपविलेले आहेत. कूळ कोण हा प्रश्न १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यानुसार महसुली अधिकाऱ्यांनी ठरवावयाचा असतो. दिवाणी दाव्यात तो उपस्थित झाला तर तेवढा मुद्दा त्यांच्याकडे पाठवावा लागतो. प्रवरानगरच्या साखर कारखान्यापासून सहकाराची परंपरा सांगणाऱ्या या जिल्ह्यात संस्था व सभासद यांच्यातील वाद ही नित्याची बाब आहे. त्यांपैकी संस्थेची रचना, व्यवस्थापन किंवा कामकाज यांविषयीचे अनेक वाद १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ प्रमाणे सहकार न्यायालयात जातात.

शेतरस्त्याचा अडथळा ही ग्रामीण भागातील सर्वांत सामान्य तक्रार होय. मामलेदार न्यायालये अधिनियम, १९०६ अन्वये अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते. हा उपाय जलद आहे, परंतु अखेरचा नाही. सक्षम दिवाणी न्यायालय वेगळा निर्णय देईपर्यंतच तहसीलदारांचा आदेश बंधनकारक असतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता देण्याच्या निर्णयाविरुद्धही एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो.

सात-बारा उताऱ्याविषयीही गैरसमज आहे. अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. पण केवळ फेरफार मंजूर झाल्याने मालकी निर्माण होत नाही किंवा नष्टही होत नाही. मालकीचा वाद असल्यास त्याचा निर्णय दिवाणी न्यायालयच करते.

समेट हवा, सक्ती नको

२००७ मध्ये राज्यात सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावातील तंटे सामोपचाराने मिटविण्यास चालना दिली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खालील लोकअदालतीत उभयपक्षी तडजोड झाल्यास तिच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ प्राप्त होते आणि त्यावर अपील नसते. म्हणूनच सही करण्यापूर्वी अटी नीट समजून घेणे आवश्यक असते. तडजोडीचा प्राण संमती हा आहे. दुर्बल पक्षाला दडपून घडविलेला समेट म्हणजे न्याय नव्हे. जातपंचायतीने ‘निवाडा’ देऊन कुटुंबाला वाळीत टाकणे हा तर २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियमानुसार गुन्हा आहे.

गावातील जाणत्यांचे कर्तव्य

१८७५ च्या काळातील शेतकरी पुष्कळदा हरला तो त्याची बाजू खोटी होती म्हणून नव्हे, तर ती न्यायालयापुढे आलीच नाही म्हणून. आजही तो धोका संपलेला नाही. समन्स नाकारल्याने दावा थांबत नाही. नेमल्या दिवशी प्रतिवादी हजर न राहिल्यास दावा एकतर्फी चालू शकतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी म्हणणे द्यावे लागते. सबळ कारण असल्यास न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. समन्स रीतसर बजावले गेले नसेल तर ही मुदत हुकूमनामा कळल्यापासून मोजली जाते. उसन्या रकमेच्या दाव्यास सर्वसाधारणपणे तीन वर्षांची आणि मालकीच्या आधारे कब्जा मागण्यास बारा वर्षांची मुदत आहे.

खर्चाची भीतीही अनेकांना न्यायालयापासून दूर ठेवते. वास्तविक स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व औद्योगिक कामगार यांना, तसेच विहित मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना, विनामूल्य विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा किंवा तालुका विधी सेवा यंत्रणेकडे अर्ज करावयाचा असतो.

ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक किंवा पंचायत सदस्य यांच्याकडे कागद घेऊन येणाऱ्या माणसाला निवाडा नको असतो. या कागदात काय लिहिले आहे आणि आता कोठे जावयाचे, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते. तारीख वाचून दाखविणे, मुदत समजावून देणे, योग्य कार्यालयाचा किंवा न्यायालयाचा रस्ता सांगणे आणि सही करण्यापूर्वी दस्तऐवज वाचून घेण्याची सवय लावणे ही कामे वरवर लहान दिसतात. ती त्या वेळी गावोगावी कोणी केली असती, तर कित्येक शेतकऱ्यांची जमीन वाचली असती. न्यायालयाचा दरवाजा कायद्याने सर्वांसाठी उघडा ठेवला आहे. प्रत्येक नागरिकाला तेथपर्यंत वेळेवर पोहोचविण्याची जबाबदारी गावातील जाणत्यांनी स्वीकारली पाहिजे.