टसरच्या काठावरील करवत

चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनसंपत्तीचा विचार करताना साग, बांबू आणि तेंदूपाने प्रथम आठवतात. ऐन आणि अर्जुन या वृक्षांवर मिळणारे टसर रेशीम मात्र पुष्कळदा दुर्लक्षित राहते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. परंतु टसरचा व्यवसाय या दोन्ही जिल्ह्यांना समान आहे.

आरमोरी परिसरातील ढिवर कुटुंबे ऐनाच्या पानांवर टसरच्या अळ्या वाढवितात. पक्षी आणि मुंग्या यांच्यापासून त्यांचे रक्षण करण्यासाठी रानात राखण करावी लागते. तयार झालेले टणक कोष सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करतात आणि मग त्यांतून मधाच्या रंगाचा धागा काढतात. या धाग्यापासून विदर्भातील कोष्टी विणकरांनी घडविलेले वैशिष्ट्यपूर्ण वस्त्र म्हणजे करवतकाठी साडी होय.

साध्या विणीसाठी मागावर दोन चौकटी पुरतात. ताण्याचे निम्मे धागे एका चौकटीतून व निम्मे दुसऱ्या चौकटीतून ओवलेले असतात. पावडी दाबली की एक चौकट उचलली जाते आणि दोन थरांमधून धोटा जातो. चौकटी चार किंवा अधिक केल्यास धागे निरनिराळ्या क्रमाने उचलता येतात. टॉवेलची खळगेदार वीण, तिरपी वीण व काठावरील नक्षी अशा रीतीने साधते. हे काम यंत्रमागावरही होऊ शकते.

करवतीचे दात मात्र केवळ चौकटी वाढवून साधत नाहीत. येथे तीन धोटे लागतात : एक साडीच्या अंगासाठी आणि दोन, दोन्ही काठांसाठी. अंगाचा टसरी बाणा आणि काठाचा रंगीत बाणा सांध्यावर एकमेकांत अडकविले जातात. प्रत्येक फेऱ्यात हा सांधा थोडा पुढे सरकवून पुन्हा मागे आणला की करवतीसारखे दात उमटतात. प्रत्येक ओळीला तीनदा धोटा टाकावा लागत असल्याने काम संथ होते आणि बहुधा मदतीचा दुसरा हातही लागतो.

या श्रमाचा मोबदला विणकराला तेव्हाच मिळतो, जेव्हा ग्राहकाला अस्सल वस्त्र ओळखता येते. नक्कल केलेल्या साडीत काठाचा ताणा तेवढा रंगीत असतो, बाणा अंगाचाच असतो. म्हणून काठाचा रंग फिकट, मिश्र दिसतो. अस्सल काठात ताणा व बाणा दोन्ही रंगीत असल्यामुळे तो गर्द आणि एकरंगी भासतो. साडी उलटून सांधा पाहिल्यास दोन रंगांचे धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात.

करवतकाठी साड्या व वस्त्रे यांना भौगोलिक संकेताची मान्यता प्राप्त झाली आहे. या मान्यतेमुळे नावास संरक्षण मिळते. परंतु मागावरील हात टिकवून धरण्यास जाणकार ग्राहकच हवा. खरेदीपूर्वी काठ उलटून पाहण्याची सवय लागली, तर तिचा लाभ विणकराबरोबरच ऐनाच्या झाडाखाली राखण करणाऱ्या कुटुंबापर्यंतही पोहोचेल.